धुतल्यावर हात लावायचा नाही

आबा,

तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायची आता मलाच लाज वाटायला हवी. वाटत नाही. आज दुपारी नांदेडच्या माझ्या शेडमध्ये एका गाडीच्या दारांची आतली प्लास्टिकची पॅनेलं धुऊन सावलीत वाळत ठेवली होती. गाडीचा मालक सोबत उभा होता, बोलता बोलता त्यानं सहज एका पॅनेलवर हात टेकला. मी अशी ओरडले की रस्त्यापलीकडचा चहावाला किटली घेऊन तसाच थांबला. मालक बिचारा म्हणाला, "मॅडम, हातच लावला, काय आग तर न्हाई लावली." त्याला मी काय सांगणार? ते पॅनेल पुन्हा धुतलं आणि मालकाला चहा पाजून वाटेला लावलं. पण नंतर काही केल्या हात चालेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हांला मात्र समजावून सांगावं लागणार नाही. तो हात काय करतो ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. रोज एखाद्या भाड्याच्या घरावर नव्या कचेरीची पाटी चढायची. साहेब लोक आले, त्यांच्या मागे सरकारी कंत्राटं घेणारे गुत्तेदार आले, आणि त्यांच्या मागे आतून सगळं प्लास्टिक असलेल्या नव्या छोट्या गाड्या आल्या. नांदेड रोडच्या आपल्या पत्र्याच्या दुकानात तुम्ही तोवर ट्रका आणि ट्रॉल्याच रंगवत होतात. पत्र्याला रंग धरतो, प्लास्टिकला धरत नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलात. आपल्याकडचं ऊन खाऊन ते काळं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत राख फासल्यासारखं पांढरं पडायचं. मग ड्रायव्हर लोक चकाकी यावी म्हणून त्याला खोबऱ्याचं तेल चोळायचे, दसऱ्याला तर हमखास. तेल प्लास्टिकच्या बारीक रेघांत मुरून बसायचं आणि वरून मारलेला रंग महिन्याभरात सालपटासारखा निघायचा. "डोस्क्याला लावायचं तेल गाडीला लावतेत आन् मला म्हणतेत रंग खोटा हाय," असं तुम्ही दिवसभर पुटपुटत राहायचात. पण तुम्ही चिवट. साबणाच्या पावडरीनं धुवायचं, रेघारेघांतून जुना दात घासायचा ब्रश फिरवायचा, सावलीत वाळवायचं, झिजलेला पॉलिश पेपर हलक्या हातानं मारायचा, स्पिरिटनं पुसायचं, मग राखी रंगाचं पातळ अस्तर आणि त्यावर रंगाचे पातळ पातळ हात. घाईनं एकच जाड हात मारला की सगळं वाया. आणि एकदा धुतलं की उघडा हात लावायचा नाही, कडेनं फडक्यात धरायचं. हे सगळं मी आजही तसंच करते. तुमच्याकडून घेण्यासारखं जे होतं ते मी सगळं घेतलं, आबा, त्यात मी लाजले नाही.

मी त्या दुकानात आले ती काही हौसेनं नाही. नांदेडहून, नवऱ्याच्या घरून, पिशवी घेऊन निघून आले होते. तुमचा जावई दारू प्यायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. दार लावून मारायचा, मग आरशासमोर उभा राहून भांग पाडायचा आणि वेळेवर कामाला जायचा. मायनं माझी पाठ बघितली आणि पदर तोंडात धरला. तुम्ही बघितली नाहीत. "समद्याच बायका सोसतेत," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी, "आयतं खात बसू नको, दुकानात चल." मला वाटलं होतं तुम्ही मला जवळ बसवून घेताय. पहिल्याच आठवड्यात तुम्ही भर रस्त्याकडेला, गिऱ्हाइकादेखत माझ्या कानाखाली वाजवलीत, कारण मी डोक्याला तेल लावून आले होते आणि केस मागे सारून तोच हात पॅनेलला लावला होता. तेव्हापासून मी तेल सोडलं. केस काथ्यासारखे झाले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्यानं टाकलेली लगेच कळून येते. मी ऐकून घेतलं, कारण पॅनेलवर माझा रंग बसायला लागला होता. अंगठ्याच्या नखानं तुम्ही खरवडून बघायचात, रेघ उठायची नाही, आणि तुम्ही पुढचं पॅनेल उचलायचात.

पण धाकटीचं लग्न जमवायचं होतं. चाकूरची माणसं बघून गेली आणि निरोप आला की थोरली घरी का बसली आहे ते आधी सांगा. त्या दिवशी तुम्ही जेवता जेवता म्हणालात, हिला नांदेडला धाडतो. मी ताट सरकवलं आणि म्हणाले, मी जाणार नाही, मी इथंच काम करून राहीन, तुमच्यावर भार होणार नाही. मायही त्या दिवशी कधी नव्हे ती बोलली: "पोरीच्या हाताला गुण हाय. ऱ्हाऊ द्या की तिला." मग तुम्ही पैज लावल्यासारखं बोललात. एका गुत्तेदाराची व्हॅन रंगवायला आली होती, डॅशबोर्डापासून दारांपर्यंत सगळं पांढरं पडलेलं. "ही गाडी एकटीनं रंगवून उतरव. मी हात लावत न्हाई. नीट उतरली तर ऱ्हा जलमभर. न्हाई उतरली तर गुमान नांदेडच्या गाडीत बसायचं." मायच्या समोर शब्द दिलात. तुम्ही दिलेला शब्द मोडत नाही असं गावभर म्हणत असत, म्हणून मी निवांत होते.

दुष्काळ होता. आपली विहीर मार्गशीर्षातच तळाला गेली होती, टँकर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. गुत्तेदाराचेच टँकर चालत, तेव्हा त्यानं व्हॅन धुवायला म्हणून पाण्याचं एक पिंप दुकानात उतरवलं. "गाडीचं पाणी गाडीलाच लागलं पायजे," असं बजावून गेला. माय घागर घेऊन आली. घरात प्यायला थेंब नव्हता, धाकटी तापानं फणफणली होती. तुम्ही पिंपावर झाकण ठेवून वर बसलात. "एक तांब्या," माय म्हणाली. तुम्ही म्हणालात, "पॅनेल निघाल्यावर साबणाचं घे." ती साबणाचंच पाणी घेऊन गेली, लुगडी धुवायला. धाकटीसाठी तिनं शेजारणीकडून वाटीभर मागून आणलं. मी ते बघत होते आणि मान खाली घालून ब्रश फिरवत होते. मला ती गाडी उतरवायची होती. त्या पिंपावर बसलेले तुम्ही माझ्यासाठीच बसला आहात, असंसुद्धा मला वाटून गेलं. किती खुळी असते लेक!

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेलं वाळली. मी पेपर मारला, स्पिरिटनं पुसून काढली. तुम्ही आलात, डॅशबोर्ड उजेडात तिरपा धरून पाहिलात, फडक्यात धरून, नेमानं. बराच वेळ पाहिलात. कुठेही चमक नाही, डाग नाही, सगळीकडे सारखं मंद. तुमचा चेहरा उतरला. मला तेव्हा वाटलं की काहीतरी राहून गेलं. आता कळतं की काहीच राहिलं नव्हतं, म्हणून तो उतरला होता. तेवढ्यात टँकर आल्याची ओरड झाली. माय एकटी गर्दीत पुरी पडेना, तेव्हा मी घागरी घेऊन पळाले. वीज गेलेली होती, त्यामुळे तसंही फवारायचं काम थांबलंच होतं. परत आले तोवर वीज आली होती, कॉम्प्रेसर धडधडत होता. तुम्ही दाराशी उभे होतात. म्हणालात, "लाईट हाय तवर उरक." मी पुन्हा पुसत बसले नाही. कशाला पुसू? धुतल्यावर हात लावायचा नाही, हा नियम ज्याचा होता तोच राखणीला होता.

अस्तराचा पहिला हात मारला आणि डॅशबोर्डच्या मधोमध रंग मागे सरायला लागला. पाण्यावर तेल पडलं की पाणी बाजूला होतं, तसा. आधी बारीक गोल भोकं पडली, मग ती एकमेकांना मिळाली, आणि राखी रंगात काळा पंजा उमटला. तळवा, अंगठा, तीन बोटं पूर्ण, आणि पहिलं बोट अर्धं. तुमचं ते बोट ट्रॉलीच्या फाळक्यात तुटलं तेव्हा मी पाळण्यात होते, माझ्या आठवणीत तुमचा हात कायम तसाच. मी पंजाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही उजवा हात पायजम्याला पुसलात. खोबऱ्याच्या तेलाचा वास येत होता. टेकवला नव्हता, आबा, चांगला दाबून धरला होता. नाहीतर इतका साफ उमटला नसता.

"जमलं न्हाई," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, "आबा, हे बोट बघा की."

"बघितलं. जमलं न्हाई."

एवढंच. तुम्ही नजर चोरली नाहीत, हे त्यातलं सगळ्यात वाईट. वर म्हणालात, गुत्तेदार उद्या गाडी न्यायला येणार, जायच्या आधी तेवढं नीट करून जा. आणि मी केलं! उरलेल्या पाण्यात तुमचा पंजा धुऊन काढला, पुन्हा पेपर, पुन्हा स्पिरिट, आणि या वेळी तिथून हलले नाही. ते काम असं उतरलं की गुत्तेदारानं नखानं खरवडलं, किल्लीनं खरवडलं, आणि विचारलं कुणाच्या हातचं. तुम्ही म्हणालात, "माझ्याच." दुपारच्या एसटीत मला बसवायला आलात. अहमदपूरपर्यंत जागा मिळणार नाही म्हणून कंडक्टरला दोन शब्द बोललात, आणि खिडकीतून एक पुडकं दिलंत. उघडलं तर खोबऱ्याच्या तेलाची नवी बाटली. "आता लाव डोस्क्याला," म्हणालात, "आता काय काम न्हाई." तुम्ही ते मायेनं दिलंत की माझी थट्टा केलीत, ते मला आजही ठरवता येत नाही. बाटली मी लोह्याच्या अलीकडे खिडकीतून फेकली.

पुढचं तुम्हांला ठाऊक आहे, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगते. माझा डावा कान त्याच वर्षी गेला. धाकटीचं लग्न त्याच उन्हाळ्यात चाकूरला लागलं. मी मांडवात होते, तुम्ही लोकांना सांगत होतात की थोरलीचं छान चाललंय. नंतर मी नवऱ्याच्या घरातून निघाले ती तुमच्याकडे आले नाही, नांदेडातच राहिले. आधी लोकांच्या दुकानात पॅनेलं धुतली, मग शेड घेतली. त्या सगळ्या काळात मला कशानं धरून ठेवलं ते ऐकाल तर हसाल. त्या पंजानं. मला जमणार नाही असं तुम्हांला वाटलं असतं तर तुम्ही बाजेवर पडून राहिला असता. जमणार याची खात्री झाली म्हणून तुम्हांला तेलात हात बुडवावा लागला. तुमच्या तोंडून कधी शाबासकी निघाली नाही, पण ती तिथे लिहिली होती आणि मी ती वाचली. असली शाबासकी वैऱ्याच्या लेकीलाही मिळू नये.

तुम्ही एकदाच आलात शेडवर, माय गेल्यावर. दवाखान्याच्या कामाला नांदेडला आला होतात. त्या दिवशीही माझ्याकडे पॅनेलं धुऊन मांडलेली होती. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून त्यांच्यामधून फिरलात. वाकून बघायचात, पण हात पाठीमागेच. मी म्हणाले, "लावा की हात." मुद्दाम म्हणाले, लागावं म्हणून. तुमची मान हलली, नाही अशी, आणि डोळे भरून आले. मला बरं वाटलं. मग चहा झाला, ऊन उतरलं, लातूरच्या गाडीची वेळ झाली. तुम्ही पिशवी उचललीत, पुन्हा ठेवलीत. म्हणालात, "घरी आता कुणी न्हाई." मी रंग फवारायची गन साफ करत राहिले. तुम्ही कशाची वाट बघताय ते मला कळत होतं. एका शब्दाचं काम होतं, राहा म्हणायचं. तुम्ही पायरी उतरून गेलात, आणि पुढच्या वेळी धाकटीचा निरोप आला तो तुम्ही गेल्याचाच.

तुम्ही मला तो शब्द दिला नाहीत, मी तुम्हांला दिला नाही, फिटंफाट झाली, असं मी आजवर धरून चालले. त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही तुम्ही दारात आलात तर मी तो म्हणणार नाही. हे पत्र कुठं टाकायचंही नाही, उद्या याच कागदावर गनचं तोंड पुसीन. पण लिहायला बसलेच आहे तर एवढं कबूल करते, आबा. फिटंफाट झालेली नाही. माझी स्वतःची शेड आहे, घर आहे, मला कुणी कुठूनही काढू शकत नाही, आणि तरी मला अजून कुणीतरी 'राहा' म्हणायला हवंय. कुणीतरी नव्हे. तुम्हीच.