जिभेखालची मात्रा

माघ शु. ८, सोम.
सकाळी भावजींस घेऊन सरकारी इस्पितळात. कंबरदुखीच्या गोळ्यांवरून गर्दच्या पुडीवर गेलेले, पोलिसांनी धरलेले, जामिनावर सुटलेले आमचे मुकुंदराव आता नर्सबाईंपुढे जीभ वर करून दाखवतात. पुडी सोडवायची मात्रा, म्हणजे गोळी, जिभेखाली; विरघळेतो बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाला एवढा वेळ गप्प पाहिला नव्हता. म्हटलं तसं, तर डोळ्यांनी हसले. तोंडावर रंग परतला आहे.

माघ शु. ९, मंगळ.
वकीलबाईंकडे. खिशात सापडली ती पूड थोडी, स्वतःपुरती. अशास कायदा औषधाची वाट देतो, शिक्षा टळते. "पण मामी," इथल्या सगळ्यांसारखंच त्याही मला म्हणतात, "उपचार पुरा व्हायला पाहिजे. मध्येच सोडला तर केस परत उभी." शुक्रवारी अर्ज.

माघ शु. १०, बुध.
जेवताना ह्यांनी काढलंच. "एक नशा सोडून दुसरी. एकादशीपासून मात्रा बंद. साक्कोट्टैच्या देवळात शिवापुढे शपथ घे, पुरे."
भावजी मान खाली घालून, "अण्णा म्हणतात तसं..."
म्हणजे संपलंच की! ताक वाढता वाढता म्हटलं, शास्त्रात व्रत ज्या आठ गोष्टींनी मोडत नाही त्यांत औषध आहे. मामंजींनीच शिकवलं मला.
"ते औषध. हे व्यसन."
"मग तुमची बीपीची मात्राही उद्या बंद?"
वाटी आदळली.

एकादशी, गुरु.
नर्सबाईंस विचारलं, नुसत्या शपथेनं सुटेल? "शपथ घ्या की मामी, नको कोण म्हणतं? मात्राही घ्या. कमी करायची ती डॉक्टर करतील. एकदम सोडतात ते परत पुडीवर जातात. पहिल्याइतकीच घेतात, आणि शरीरास आता ती झेपत नाही. मग ते इथं येतच नाहीत."
घरी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. पोथी मिटून ठेवली. शपथेचं पुन्हा काढलं नाही.

द्वादशी, शुक्र.
पारणं उरकून कोर्टात. हेही आले, न बोलावता. अर्ज घेतला, इस्पितळाचा कागद पुढच्या तारखेस पाहणार. होईल नीट. मला शंका नाही.
परतताना भावजी म्हणाले, "वैनी, उद्या मी एकटाच जातो."
हे माझ्याकडे बघू लागले. इस्पितळ आणि ती पुडीवाली गल्ली, दोहोंस एकाच थांब्यावर उतरायचं.
"जा," म्हटलं.
बसचे सुटे पैसे देवापुढे काढून ठेवले आहेत. जाण्याचे आणि येण्याचे.