नाफियूची थट्टा

११ मार्च
गोळीने दुखणं जात असेल, तर ती का घेऊ नये? — नाफियूने भर वर्गात विचारलं. मी तिथली विज्ञानाची बाई. जीवशास्त्राची पदवी, घरातली पहिली. आई गल्लीभर मिरवते. आणि सोळा वर्षांच्या आतेभावापुढे बाईंची वाचा बंद. तो शाळा सुटली की मारादी शहराच्या बाजारात कांद्याची पोती उचलतो. मी आपली फळ्यावर मेंदू काढत बसले. तोही कोबीसारखा झाला.

१४ मार्च
रोजा सुटल्यावर फादावर, पोरांच्या चहाच्या अड्ड्यावर, गेले. भिंतीला टेकून पोरं चहा उकळत होती. पोरं नशेसाठी घेतात त्या ट्रामाडोलच्या गोळ्यांवर भाषण ठोकलं.

नाफियू म्हणाला, "बघा रे, शाळेने उंट शिकवून सोडलाय!"

आते-मामे भावंडांनी थट्टा करायची, रागवायचं नाही — रीतच आहे. मीही सुनावलं, "गाढवा, तुला तुझ्या बापाने दोन कांद्यांच्या बदल्यात आणलंय."

"आणि तुझा साहाबी? आमचा डॉक्टर तोच! चहात कुठली गोळी, किती — सगळं जावईबापू बघतात."

सगळे खिदळले. मी सर्वांत मोठ्याने. साहाबीचं औषधांचं दुकान, रोजे संपले की आमचं लग्न — थट्टेला आणखी काय हवं?

१५ मार्च
साहाबीला सांगितलं, हसेल म्हणून. हसला नाही.

१९ मार्च
रात्री फादावर नाफियू चहा पिता पिता कोसळला. झटके, तोंडाला फेस. "जिन लागला," म्हणत पोरं पाणी मारत होती. दवाखान्यात नर्सने विचारलं, "काय घेतलं होतं?" एरवी तोंडाळ पोरं — एकेक करून दारातून सटकली!

२० मार्च
शुद्धीवर आला. जीभ चावलेली. मी म्हटलं, "उठ गाढवा, पोती वाट बघतायत."

"ताई," तो म्हणाला. जन्मात कधी मला ताई म्हटलं नव्हतं! "साहाबीचं खरं होतं. थट्टेत सांगितलं की तू रागावू शकत नाहीस ना."

२२ मार्च
साहाबीकडून लग्नाच्या तीन पेट्या आल्या, कापडांनी ठासून भरलेल्या. आई म्हणते, "पदवीचं सोनं झालं!" दवाखान्यात लेकापाशी बसून आलेली आत्या एक कापड गालाला लावून बघत होती.

२३ मार्च
आई उठायच्या आत तिन्ही पेट्या हातगाडीवर घातल्या, साहाबीच्या दारात उतरवल्या. तिथून सरळ पोलीस ठाणं. नाव, दुकान, गोळी — सगळं लिहून देऊन आले.