साडेतेरा हजार सांगायचे

विक्रोळी पार्कसाइट,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय संघाताई,

जय भीम.

तू बरी असशील. तुझ्या सासूबाईंचा हात आता थोडाफार हलत असेल. दाजी मजेत असतील. दाजी मजेतच असतात म्हणा.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन दाजींच्या खिशात असतो आणि उचलला की ते स्पीकरवर टाकतात. दिवसा तर कोणी उचलतच नाही. इतक्या महिन्यांत दुपारी एकदा तरी उचललास का? आजारी माणूस सांभाळायला गावी गेलेली बाई दुपारी असते कुठे? सहज विचारलं हं.

इकडे ठीक आहे. डोंगरावर पाणी एक दिवसाआड. घरमालकाने भाडं पाचशेने वाढवलं, वर म्हणतो परवडत नसेल तर खाली करा, लाइन लागलीय. खोलीत आम्ही तिघी. त्यातली राधा माझं तेल वापरते असा मला डाउट आहे. मी बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेल बरोबर रेघेवर! म्हणजे तिने रेघ बघितली. तू हसशील, हस.

मॉलमध्ये तुझंच नाव चालू आहे. रोज मस्टरवर 'संघमित्रा' अशी सही करते, शेवटच्या अक्षराला तू काढतेस तशी शेपूट काढून. आयकार्डावर तुझा फोटो. आपल्या दोघींचं नाक आजीवर गेलंय म्हणून निभावतंय. गुणाजी सुपरवायझरला सगळं माहीत आहे, पण बदलीवर बाई मिळतेय तर त्याचं काय जातंय? एप्रिलमध्ये जयंती झाली की तू येणार आणि मी बाजूला होणार, असं ठरलंय आपलं. आठ वर्षांची तुझी जागा आहे. मी काही ती खाऊन टाकत नाही.

आता खरं सांगते पत्र का लिहिलं. दुसऱ्या मजल्यावर मृणालिनी म्हणून नवीन बाई लागलीय. तीन महिने पण झाले नाहीत. बाथरूम, लाद्या, काचा, माझंच काम. मी विचारलं, हातात किती येतात गं? फटकन म्हणाली, "साडेतेरा हजार." विचारसुद्धा केला नाही.

आणि मला बारा. पगार तुझ्या खात्यात, तिथून माझ्या फोनवर, दर दहा तारखेला बारा. मग दीड हजार मधल्या मध्ये कुठे उतरतात, ताई? दाजींनी नवीन मोबाइल घेतला असं मावशी म्हणत होती.

राग मानू नकोस. त्या माणसाबरोबर सहा वर्षं संसार केला, रोज नवीन थाप ऐकली, तेव्हापासून कोणी 'विश्वास ठेव' म्हटलं की माझा हात आधी पर्सवर जातो. घाटकोपरहून पिशवी घेऊन आले तेव्हा तू काही न विचारता खोली दिलीस, नोकरी दिलीस. ते मी विसरले नाही. म्हणूनच सरळ विचारतेय.

तुझी,
चेतना


विक्रोळी पार्कसाइट,
१४ डिसेंबर २०२५

संघाताईस,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी! "हिशोब बरोबर आहे चेतू. तू वेळेवर जेवतेस ना?"

मी पैशाचं विचारते आणि तू जेवणाचं! असं कोण उत्तर देतं माहीत आहे? ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो. आमच्या घरी हेच चालायचं. मी विचारायचे पगार कुठे गेला, तर तो म्हणायचा, तू आज छान दिसतेस.

नोव्हेंबरचेही बाराच आले. मी आणखी दोघींना विचारलं. एक लिफ्टजवळची, एक पार्किंगची. दोघी म्हणाल्या साडेतेरा. तिघी एकमेकींशी बोलतसुद्धा नाहीत, आणि आकडा एकच! तिघी खोट्या आणि तू एकटी खरी, असं समजू का मी? साडेतेरा हातात आले असते तर मला काय काय करता आलं असतं, हे तुला सांगायला नको. तू याच डोंगरावर राहिलीयस. भाडं, बस, गॅस, रेशन झालं की वीस तारखेनंतर मी दुपारचा डबा नेत नाही. जिन्याखाली बसून पाणी पिते आणि बायकांना सांगते, उपास आहे. बौद्धाच्या घरात कसला गं उपास? त्यासुद्धा ओळखतात.

जेवतेस का विचारलंस ना? घे उत्तर.

आणि गुणाजी हल्ली मला स्वतःहून चहा सांगतो. कशाला सांगतो ते मला कळत नाही असं नाही. तो म्हणतो, "तू दुसरीच्या नावावर किती दिवस राबणार?" मी म्हटलं बघू. बघू म्हणजे... जाऊ दे. भेटलीस की सांगेन.

पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवायची तसदी घेऊ नकोस. का ते विचारू नकोस. माझं मी बघितलंय.

चेतना


विक्रोळी पार्कसाइट,
११ जानेवारी २०२६

ताई,

जय भीम. हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा लिहितेय, चुका झाल्या तरी हेच टाकणार.

मी तुझी जागा खाल्ली.

एक डिसेंबरला. म्हणजे मागचं पत्र लिहिलं तेव्हा होऊन गेलं होतं. गुणाजीने दोन फॉर्म पुढे ठेवले. एक माझ्या नावाचा, नवीन भरतीचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' खाली तुझं नाव. म्हणाला, सही तर तू रोज करतेसच. आणि मी केली. शेपटीसकट. मनात म्हणत होते, दीड हजार खातेस ना, आता बघ.

सही झाल्यावर त्याने मला समोर उभं केलं. म्हणाला, "आता तू कागदावर आलीस, तर नीट ऐक. मॉलची माणसं येतात, कधी सरकारी माणूस येतो. हातात किती मिळतात विचारलं की साडेतेरा हजार सांगायचे. कोणीही विचारलं तरी. अडखळायचं नाही. म्हण बघू." माझ्याकडून पाच वेळा म्हणून घेतलं, शाळेत पाढे म्हणतात तसं. मी बदलीवर होते, कागदावर नव्हतेच, म्हणून मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या तिघी फटकन का बोलल्या, ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण नाही कळलं. मला वाटलं, काहीतरी वरवरची लफडी असतील यांची, पगार तेवढाच असेल. मला तेव्हा तूच चोर हवी होतीस.

काल माझ्या खात्यात माझ्या नावाचा पहिला पगार आला. दहा हजार दोनशे.

मी मृणालिनीला बाथरूममध्ये गाठलं, दार लावलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "सगळ्यांना एवढेच, चेतना. ऑगस्टमध्ये ठेकेदार बदलला तेव्हापासून. गणवेश, सामान, काय काय म्हणून कापतो. बोललं की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात."

मग मला तू दर महिन्याला बारा कुठून पाठवत होतीस?

मी तिथूनच फोन लावला. दाजींनी उचलला. स्पीकरवर टाकलं की नाही, माहीत नाही. म्हणाले, "ती कापूस वेचायला गेलीय. दिवसभर दुसऱ्याच्या रानातच असते, ऑगस्टपासून. आधी खुरपणी, आता कापूस. आईचं दिवसा मीच करतो. तुला माहीत नाही?" मग हळू आवाजात म्हणाले, "मी तिला म्हटलं, सांगून टाक पोरीला, पगार कमी झालाय. तर म्हणाली, बारा कबूल केलेत. कमी पाठवले तर मुंबईत तिचं भागणार नाही आणि ती त्या माणसाकडे परत जाईल. तू हे तिला बोलू नकोस हं, माझ्यावर ओरडेल."

ताई, तू खरंच बरोबर ओळखलंस. दहा हजार दोनशेत मी गेले असते परत. सप्टेंबरात त्याचा फोन आला होता, मी बॅगसुद्धा काढली होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि संध्याकाळी फोन वाजला. तुझ्याकडून तीन हजार. खाली मेसेज, 'पगार लांबलेला दिसतोय, अजून जमा नाही. भाड्यापुरते ठेव.' पगार लांबला नव्हता गं. तुझं नाव मी कापलं होतं. आणि तू मला कापसाचे पैसे पाठवत होतीस! मी मॉलच्या मागच्या गेटवर खाली बसले. वॉचमन विचारायला आला, त्याला म्हटलं, चक्कर आली.

आज सकाळी गुणाजीकडे गेले. म्हटलं, तो कागद परत दे. हसला. म्हणाला, कागद ऑफिसला गेला, ती आठ वर्षं संपली. मी म्हटलं, एप्रिलमध्ये ताई येणार आहे, तिचं काय? तर म्हणतो, "येऊ दे ना. तुझ्या नावावर बदली करू दे तिला. काय फरक पडतो?" ताई, तू माझ्या नावाने सही करायची. माझा फोटो गळ्यात घालून फिरायचं. मी हातातली बादली तिथेच ठेवली. फेकणार होते, पण पुसायला मलाच लागलं असतं.

या पत्राबरोबर एक कागद आहे. त्यावर मी लिहिलंय की राजीनाम्यावरची सही तुझी नाही, मी केलीय, आणि गुणाजीने करून घेतली. हातात किती मिळतात आणि किती सांगायला लावतात, तेही लिहिलंय. तारीख टाकलीय. हा कागद कामगार ऑफिसला दिलास तर माझी नोकरी जाईल, खोटी सही केली म्हणून कदाचित पोलीसही येतील, पण तुझी जागा परत मागता येईल. मी स्वतः जाऊन देणार होते. त्या ऑफिसला जायला मुलुंडला बसमधून उतरले, अर्ध्या रस्त्यातून मागे फिरले. आपण तेवढ्या धीराच्या नाही, हे मला तिथे कळलं. म्हणून तुझ्याकडे पाठवतेय. तू दे. माझी दया येईल तुला, मी ओळखते ना तुला. ती बाजूला ठेव आणि दे.

तीन हजार परत पाठवलेले नाहीत. भाडं भरलं. एवढं तरी खरं सांगते.

तुझा विश्वासघात केलेली, आणि तुझ्याच पैशांनी अजून या खोलीत राहणारी,
चेतना