सकाळची गाडी सुरू होईना

२४ नोव्हेंबर, सोमवार

परत तेच! पहाटे पाचला चावी फिरवून शेल मारला — घर्र घर्र, पांढरा धूर, आन् गप. सहापर्यंत मारत राहिलो. बॅटरी बसली तव्हा थांबलो.

सातला नांदेडात सुभद्राची डायलिसिसची पाळी होती. सोमवार आन् गुरुवार, पाच महिने झाले, दोन्ही किडन्या गेल्यात तिच्या. कंधारहून सव्वा तास लागतो. सातला ती तिथं पलंगावर पाहिजे होती, आन् ती इथं अंगणात, गाडीत शाल गुंडाळून बसलेली. पाळी गेली. आरती सिस्टर फोनवर म्हणली, उद्या दुपारी जागा झाली तर बघते. झाली तर!

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात डिझेल इंजिनं उघडली मी. लांबून आवाज ऐकून सांगायचो, कुठला नोझल टिपकून राहिलाय. आन् माझ्या दारातली वीस वर्षांची गाडी मलाच दात दाखवते! मागच्या सोमवारी बी असंच केलं हिनं. ऑक्टोबरात ठीक होती. थंडी पडली की हिला नखरे सुचले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारच्या बसनं न्हेऊन आणलं सुभद्राला. उभं राहून गेलो, तिला एका पोरीनं जागा दिली.

सकाळी हीटरचे चारी प्लग काढले. थंडीत डिझेल पेटायच्या आधी हे तापावे लागतात, न्हाईतर पांढरा धूर निघतो निस्ता. बॅटरीला लावून बघितले. चारी लालबुंद! म्हणजे प्लग चांगले. बटण दाबून बघितलं, प्लगला करंट सोडणारा रिले टक्‌कन वाजला. म्हणजे बटण चांगलं.

हे बटण माझ्या डोक्यातून निघालेलं. चावीवरचं हीटरचं कनेक्शन जळालं तव्हा दाराच्या घंटीचं बटण आणून सुभद्राच्या सीटपुढं बसवलं. रातीतून डिझेलच्या पायपात हवा शिरते, म्हणून मी बॉनेट उघडून हातपंप मारत असतो. तव्हा ती बटण दाबून धरते आन् वीसपर्यंत मोजते. मोठ्यानं. वीस झाले की मी येऊन शेल मारतो. आजारी माणसाला बी वाटलं पाहिजे की आपला काही उपयोग हाय. डॉक्टरला सुचलं नसतं हे!

म्हणजे आता दोष डिझेलचा. पंपावर जाऊन त्या पोराला झाडलं. भेसळ करता का म्हणलं. तो म्हणला, काका, बाकीच्या गाड्या चालून राहिल्यात ना. उद्धट लेकाचा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

न्हाई झाली सुरू. गल्लीतल्या शेषेरावाच्या जीपमधी हातापाया पडून गेलो. पाऊण तास उशीर. तेवढा वेळ मशीनवरचा कापला.

एक गोष्ट डोक्यात बसलीय माझ्या, लिहूनच टाकतो. सोमवारी पाळी चुकली तर मी इकडं डोकं फोडून राहिलो, आन् ही दिवसभर ओट्यावर उन्हात बसून वाटाणे सोलत होती. शेजारणीसंगं हसत! म्हणलं, तुला काही वाटतं का न्हाई? म्हणली, "ऊन लई चांगलं पडलंय आज." घ्या!

३० नोव्हेंबर, रविवार

पोरगा हरिओम आला लातूरहून. सकाळी साडेआठला मी आंघोळीला गेलो, तर यानं एकट्यानंच गाडी काढली. एका शेलात! ओला बाहेर आलो तर इंजिन धडधडून राहिलेलं, आन् साहेब हसून राहिलेले.

"बापू, चांगली तर हाय की गाडी."

टाळकं फिरलं माझं. साडेआठपर्यंत ऊन खाऊन बसलेली गाडी कुणीबी सुरू करील! पहाटे पाचला ये म्हणलं, मग दाखव हुशारी. तर म्हणतो, इकून टाका, मी महिन्याची जीप ठरवून देतो आईसाठी. माझ्या दारात गाडी असताना बायकोला भाड्याच्या जीपमधी न्हेऊ? कामून? माझे हात तुटलेत का?

सुभद्रा मधीच म्हणली, "भांडू नका बापलेक. मी कुठं म्हणून राहिले न्या म्हणून." हिचं आपलं काहीतरीच. तिला म्हणलं तू गप बस.

१ डिसेंबर, सोमवार

घर्र घर्र. गप. तोंडातून काय काय निघालं ते इथं लिहीत न्हाई, शेजारच्या नीलाबाईनं खिडकी लावून घेतली.

४ डिसेंबर, गुरुवार

आज जमलं! जुनी युक्ती. डेपोत शेल गेलेली बस आम्ही उतारावर लावायचो. काल संध्याकाळी मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर लावली गाडी. पहाटे सोडली, दुसरा गियर टाकला, क्लच सोडला, दोन गचके आन् धूर सोडून चालू! पावणेसातला नांदेडात. सुभद्राला म्हणलं, बघितलंस? ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मशीनवर चार तास. मी बाहेर बाकड्यावर. सुई टोचताना ती तोंड फिरवून घेते आन् मी बाहेर निघून जातो. रगत त्या नळीतून फिरताना मला बघवत न्हाई. लाज वाटते लिहायला.

८ डिसेंबर, सोमवार

सुभद्रा उतारावर गाडी लावू देईना! म्हणली, देवळापर्यंत चालवत न्हाई, पाय सुजलेत. सुजलेत हे खरं, बोट दाबलं की खड्डा पडतोय. मग काय करता? घरापुढंच लावली. आन् सकाळी परत तमाशा. चौदा वेळा शेल मारला. ती आत बसून बिचारी दर बारीला वीस मोजत होती. मी पंप मारू मारू अंगठा सोलून घेतला.

पाळी गेली.

९ डिसेंबर, मंगळवार

लखनच्या गॅरेजवर गेलो. पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला, आता त्याच्या दारात धा गाड्या उभ्या. सगळं ऐकून घेतलं आन् म्हणतो, "काका, पहाटे शेल मारायच्या टायमाला प्लगपर्यंत करंट येऊन राहिलाय का? ते बघितलं का?"

मला शिकवतो! म्हणलं, प्लग तपासले, रिले तपासला, बटण माझ्या बायकोच्या हातात असतंय, ती दाबते, मोजते, मी माझ्या कानानं ऐकतो! अजून काय पाहिजे तुला? चहा न पिता उठून आलो. धा गाड्या झाल्या की मस्ती येते माणसाला.

११ डिसेंबर, गुरुवार

अर्धापूरला केळी भरायला चाललेल्या रिकाम्या टेम्पोत बसून गेलो. ड्रायव्हरशेजारी ती, मागं हौद्यात मी.

आरती सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "आजोबा, आज्जीच्या अंगात तीन किलो पाणी जास्तीचं हाय. असंच चुकवत राहिलात तर छातीत भरंल. मग धावत आणलं तरी उपेग न्हाई." मी तिच्यावरच ओरडलो. सगळ्या वार्डासमोर. ती काय माझी गाडी हाय का ओरडायला? पोरगी खाली मान घालून गेली.

परत येताना हौद्यात केळीच्या घडांशेजारी बसलो होतो. मला भ्या वाटून राहिलंय. लई भ्या. हे कुणाला सांगू? चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला.

१५ डिसेंबर, सोमवार

नवीन फिल्टर. नवीन बॅटरी. नवीन पायपा. तरी गप! बॉनेटवर बुक्की मारली, हात सुजला. परत शेषेरावाची जीप, परत उशीर.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज येळवस, शेतात पूजा करून तिथंच जेवायची अमावस्या. अहमदपूरकडं तिच्या भावाच्या, व्यंकटीच्या शेतात जायचं होतं. गुरुवारची पाळी काल कशीतरी झाली, म्हणून हो म्हणलं.

पहाटे चारला उठून हिनं भज्जी केली, बाजरीचे उंडे केले. सुजल्या पायानं! मी उठायच्या आत पातळ बदलून, शाल घेऊन गाडीत बसलेली. हवा काय गार होती, काचेवर दव. मी बॉनेट उघडलं न उघडलं तर ही मोजायला बी लागली. "वीस झाले! मारा!"

पहिल्याच शेलात. पहिल्याच! धूर बी न्हाई. असं वाटलं गाडीचा मुका घ्यावा. नवीन फिल्टरनं काम केलं, दोन दिवस लागतात पायपातली हवा निघायला. लखनला फोन करून सांगितलं, तुझा करंट तुझ्यापाशी ठेव!

शेतात कडबा उभा करून केलेल्या कोपीपुढं बसून तिनं पूजा केली. हरभऱ्यात हिंडली. आंबिलीचा एक घोट घेतला तर मी ओरडलो, पाणी मोजून प्यायचं असतंय ना! व्यंकटीची बायको म्हणली, "राहू द्या की दाजी आजच्या दिवस." सुभद्रानं पेला खाली ठेवला. येताना गाडीत झोपली. मी गाडी हळू चालवली.

२२ डिसेंबर, सोमवार

गप!!

तीन दिवसांपूर्वी एका शेलात सुरू झालेली गाडी आज मेली. बाहेर गारठा बी येळवशीपेक्षा कमीच होता! मी टायरला लाथा घातल्या. पाना फेकला, तो नीलाबाईच्या कौलावर गेला. रडू आलं मला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अंगणात पाना फेकून रडतो!

सुभद्रा गाडीतून उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणली, "इतकं अंगावर घेऊ नका हो. तुमचा काही दोष न्हाई." म्हणलं, मग कुणाचा दोष हाय? सांग ना! ती आत निघून गेली.

संध्याकाळी तिला धाप लागली. पलंगावर आडवं होता येईना. तीन उश्या लावून टेकवली. नांदेडला फोन केला, त्याआधी मशीन रिकामं न्हाई, गुरुवारी सातच्या आत या म्हणले.

२४ डिसेंबर, बुधवार

लाज गुंडाळून लखनकडं गेलो. पोरानं चहा पाजला. टेस्ट लॅम्प दिला — बल्ब आन् लांब वायर. म्हणला, "काका, चिमटा प्लगला लावा अन् काकूला बटण दाबायला सांगा. बल्ब लागला तर करंट हाय, न्हाई लागला तर न्हाई. बाकी काही उघडू नका आता."

उद्या ही गाडी सुरू न्हाई झाली तर मी हिला पाठीवर घेऊन नांदेडला जाईन, पण न्हेईन. जीप बी सांगून ठेवलीय. हरिओमला बी. ऐकून घेतलं त्याचं एकदाचं.

२५ डिसेंबर, गुरुवार

चिमटा प्लगला लावला. "दाब," म्हणलं. "दाबलंय," ती म्हणली आन् मोजायला लागली. बल्ब लागला न्हाई.

बटण बघायला तिच्या बाजूनं गेलो. काचेतून दिसली. डोळे मिटलेले, दोन्ही हात शालीत, मांडीवर. "बारा, तेरा, चौदा —"

दार उघडलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"सुभद्रा, तुला जायचंच न्हाई का?" सहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं मी.

"न्हाई," ती म्हणली. "कव्हा विचारता म्हणून वाट बघून राहिले होते."