शेंगेतला गर

आई, आज ठाण्याला ऑफिसात एका मुलीने ग्लासभर पाण्यात हिरवी पावडर ढवळून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, मोरिंगा आहे. आयर्न, कॅल्शियम सगळं असतं, ट्राय करा ना." एक घोट घेतला आणि शहाडचा आपला ओटा आठवला. हा तर आपला शेवग्याचा पाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पूड कशाला ती? झाड काय मेलंय काय?"

झाड आहे अजून, चाळीच्या मागे. दहावीत मी शाळेत चक्कर येऊन पडले, डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, आणि तू आकडीची काठी घेऊन त्या झाडाच्या हात धुऊन मागे लागलीस. कधी पाला मूगडाळ नि ओलं खोबरं घालून, कधी फुलं बेसन पेरून, उरलेला पाला थालीपिठात. गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर ही भाजी आपल्याकडे असतेच, पण तू वर्षभर अष्टमी चालवलीस. मी ताट सरकवलं की म्हणायचीस, "तोंड वाकडं कर हवं तर, पण गिळ." त्याही आधी, मी अगदी लहान असताना, आमटीतल्या शेंगेचे दोर माझ्या घशात अडकायचे. मग तू शेंग उभी फाडायचीस, चमच्याच्या कडेने आतला गर खरवडून माझ्या भातावर ठेवायचीस आणि सालं स्वतः चघळत बसायचीस. मला कित्येक वर्षं वाटायचं, तुला सालंच आवडतात.

तुला जाऊन बारा वर्षं झाली, पण ती सकाळ काही जात नाही. झटक्यानंतरचा तिसरा महिना आहे. तुला उजवा हात उचलवत नाही, गिळताना ठसका लागतो, सगळं मऊ करून द्या असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी घरच्यांसाठी शेंगांची आमटी केली आहे आणि वास तुझ्या खाटेपर्यंत गेलाय. "एक शेंग दे गं," तू म्हणतेस. जीभ जड झाल्यापासून तू काही मागितलेलं हे पहिलंच. मी डबा भरता भरता घड्याळ बघते. "अडकेल घशात, आई. डॉक्टर नको म्हणालेत ना?" आणि वाटीत आमटीचं नुसतं वरचं पाणी देते. तू दोन चमचे घेतेस आणि भिंतीकडे तोंड फिरवतेस. मला तुझा राग येतो. पुढच्या आठवड्यात तू गेलीस.

तेव्हापासून विचारेल त्याला मी सांगते, डॉक्टरांनी मनाई केली होती. मामी म्हणते, "तू केलंस तेवढं कोण करतं आजकाल?" आणि मी ते ऐकून घेते. कल्याणच्या मंडईत शेंगांच्या जुड्या दिसल्या की दुसऱ्या रांगेने जाते. घरात विचारलं तर सांगते, मला पचत नाहीत.

हे पत्र तुझ्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, ती डबी कुणी उघडत नाही. लोकांना सांगितलं ते सांगितलं, तुला खरं सांगते. गर काढून देता येईल हे मला त्या सकाळी सुचलं होतं, आई. चमचा हातातच होता. मला उशीर होत होता.