आयलीचं मत आणि सभागृहाच्या पायऱ्या

सोमवार, ६ मे, संध्याकाळी ७.५०

बरोबर याच वेळी आयली लेहतोनेनचं मत बुडवलं. सभागृहाच्या घड्याळात मी स्वतः पाहिलं!

गावसभेत मत द्यायचं तर दालनात बसून कार्ड वर करावं लागतं. आयली चाकांच्या खुर्चीत. पुढच्या दाराला ग्रॅनाइटच्या पायऱ्या, म्हणून तिला मागून, स्वयंपाकघराच्या बोळातून आणतात. आज त्या बोळात कॉफीची टेबलं मांडलेली. ती तिथेच अडकली, आणि आत मतदान उरकलं. कशावर? पुढच्या दाराला खुर्चीसाठी उतार बांधायचा का, यावर!

मी उभी राहून ओरडले, "अहो, एक बाई अजून बाहेर आहे!"

सभापती प्रेंटिस म्हणाले, "बसा बाई. मोजणी सुरू झालीय."

बरोबरीची मतं. बरोबरी म्हणजे ठराव पडला. माझ्या लहानपणी शाळेत सिस्टर युलालियांच्या वर्गात उशिरा आलेल्या मुलीचीही हजेरी लागायची!

मंगळवार, ७ मे

घरपट्टीवरचा अधिभार आम्हीच मागून घेतला होता — जुनं गाव टिकावं म्हणून. त्याच निधीतून सभागृह दुरुस्त झालं आणि अट पडली: दर्शनी भाग कायम आहे तसाच ठेवायचा. उतारासाठी ती अट सैल करायला बॉस्टनचे तज्ज्ञ तयार होते. अर्धं गाव तयार नव्हतं. दगड जपले. माणूस भांड्यांच्या वाटेनं!

गुरुवार, ९ मे

पोस्टात प्रेंटिस भेटले. "बाई, तुम्हाला दर वसंतात नवं भांडण लागतं."

म्हटलं, "जुनी तुम्ही मिटवत नाही ना!"

रांगेतले हसले. मी नाही.

शनिवार, ११ मे

मतदानाविरुद्ध लिहिलेल्या तक्रारीवर सही घ्यायला आयलीकडे गेले. तिनं वेलचीचा पाव कापला, कॉफी ओतली. पेनला हात लावला नाही.

"अगं, मी कार्ड वर करणार होते. पण विरोधात."

"काय?"

"उतारासाठी खालच्या दोन पायऱ्या फोडल्या जाणार होत्या. बाबांनी घडवल्यात त्या. मला विचारलंस कधी?"

"तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं —"

"हो ना. सगळं माझ्यासाठी. फक्त मला सोडून."

तशीच घरी आले. तक्रार फाडली.

रविवार, १२ मे

प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. नवा मजकूर पक्का केला, आयलीला फोनवर वाचून दाखवला. "आता बरोबर," म्हणाली. सही करणार आहे. उद्या गावचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाकडे देते:

"आयली लेहतोनेन यांचं मत उताराच्या विरोधात होतं. ते दालनात बसून, माझ्या तोंडावर देण्याचा त्यांचा हक्क तुम्ही बोळात अडवलात. पुढच्या सभेत मतदानाआधी त्यांना आत कसं आणणार, हे आधी त्यांना विचारा. मग आम्हा दोघींना लेखी कळवा — शुक्रवार, ३१ मे, दुपारी चारच्या आत."