सगळ्यात खोल जागा

३ फेब्रुवारी
आखून झाली एकदाची! नऊ उपनगरं, एकवीस किलोमीटर, एकच मोठी ड्रेनेज लाइन — आणि सगळं आपापल्या उताराने वाहणार. फक्त जमीन जिथे सगळ्यात खोल, तिथे एक पंपिंग स्टेशन. ती जागा निघाली तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कॉलनीत. गृहस्थ निवृत्त आहेत. कागदावर.

साहेब म्हणाले, "बाई, पंचवीसला मंजुरीची बैठक. आता हात लावायचा नाही." मी कशाला लावतेय?

६ फेब्रुवारी
जनसुनावणी. लाइन सगळ्यांना हवी, पंप शेजाऱ्याकडे हवा. एकाने विचारलं, "आमचं सांडपाणी आमच्याच भागात नाही का मुरवता येणार?" येईल की. तुमच्या दिवाणखान्यात.

मग मुख्याध्यापक उठले. अख्खी शाळा गप्प करणारा आवाज. "मॅडम, आमच्याकडे कधी पाणी साचत नाही. साचतं ते तळ्याकाठच्या गल्लीत. पाण्याला तुमचा नकाशा वाचता येत नाही." टाळ्या! मी गोड हसून म्हटलं, "सर, उंची यंत्राने मोजतात, आठवणीने नाही." मलाही टाळ्या. दोन. दोन्ही साहेबांच्या.

तळ्याकाठी आम्हीच राहतो, हे काही मी बोलले नाही.

९ फेब्रुवारी
ते "साचत नाही" डोक्यातून जाईना. आमच्या जिन्याखाली साचतं. दर पावसाळ्यात सासूबाईंची एक चप्पल वाहून जाते.

१० फेब्रुवारी
शाळेत जाऊन आले. त्या भागातल्या सगळ्या उंच्या शाळेच्या पहिल्या पायरीवरच्या उंचीच्या सरकारी खुणेवरून मोजलेल्या. पायरी बघते तर चकाचक ग्रॅनाइट! शिपाई म्हणाला, "जुनी खाली तशीच आहे. मुख्याध्यापकांनी वर नवी चढवली." टेप लावली. एक फूट! आमच्या सर्व्हेयरने पट्टी ठेवली नव्या पायरीवर आणि उंची धरली जुनीच. अख्खी कॉलनी कागदावर फूटभर खचली.

सर्व्हेयर म्हणतो, "पुलाकडून मोजत आलो तेव्हा फूटभर जुळत नव्हतं, मॅडम. मग शाळेचंच धरलं. म्हटलं, शाळा थोडीच खोटं बोलेल?"

१४ फेब्रुवारी
पुन्हा मोजणी. उन्हात स्वतः उभी राहिले. सगळ्यात खोल जागा — आमच्या इमारतीमागचा मोकळा प्लॉट. सासूबाईंच्या आरामखुर्चीपासून चाळीस पावलं.

साहेब म्हणाले, "एका फुटाने काय होतंय हो? गप्प बसा."
"दहा वर्षांनी वस्ती वाढली की चारशे घरांच्या संडासातून मैला वर येईल, साहेब."
"दहा वर्षांनी मी निवृत्त असेन."
मी नसेन. नकाशा बदलला.

१५ फेब्रुवारी
नकाशाची गुंडाळी घरात आणली आणि कपाटामागे सारली. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझा तो पंप शेवटी कुणाच्या उरावर बसवलास?" "अजून ठरतंय, आई." खोटारडी!

१७ फेब्रुवारी
नवी सूचना लागली. हरकतींना चोवीसपर्यंत मुदत. मुख्याध्यापकांना फोन केला — "सर, चूक आमची." "छे, पायरी माझी! जुनीवर पोरं अडखळायची हो." पाच मिनिटं दोघं एकमेकांची माफी मागत होतो. "मग आता पंप कुणाकडे?" "माझ्याकडे." फोनवर इतका वेळ हसलेला माणूस मी ऐकला नव्हता.

२१ फेब्रुवारी
चाळीस हरकती, सगळ्या आमच्या गल्लीतून. एकीत मी 'परक्या भागातील निर्दयी अधिकारी'! सही खालच्या मजल्यावरच्या काकांची. सकाळीच जिन्यात माझी पिशवी उचलून दिली होती त्यांनी.

घरात मात्र पंपाबद्दल चकार शब्द नाही. या शांततेची मला भीती वाटते.

२४ फेब्रुवारी
उद्या बैठक. आजच्या टपालात हरकत क्रमांक एकेचाळीस. अक्षर ओळखीचं — आमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतलं.

"माननीय अभियंता बाईंस. पंपाला माझी हरकत नाही. पाण्यात वाकून चप्पल शोधायचं माझं वय राहिलेलं नाही. हरकत याला आहे, की नकाशा नऊ दिवस माझ्याच कपाटामागे आणि मला बातमी दिली काकांनी. लेखी उत्तर चालणार नाही."

अर्ध्या दिवसाची रजा टाकली.